तो ट्रेड मनातून जातच नाही – वाचकांचे प्रश्न, दादाची उत्तरं

या महिन्यात निम्म्याहून जास्त पत्रं फँटसी फुटबॉलवर आलीत, त्यामुळे म्हटलं सगळी एकत्रच घेऊ. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, एनएफएलवाला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: मित्रांचा ग्रुप एक लीग काढतो, ड्राफ्टच्या दिवशी प्रत्येक जण आळीपाळीने खरे खेळाडू आपल्या टीममध्ये घेतो, आणि मग त्या खेळाडूने खऱ्या मॅचमध्ये जे काही केलं त्याचे पॉइंट आपल्याला मिळतात, साधारण टचडाउनचे (बॉल समोरच्या टीमच्या शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन) 6, पळून किंवा कॅच घेऊन काढलेल्या दर 10 यार्डांना 1, आणि पीपीआर लीग असेल तर प्रत्येक कॅचचा वेगळा 1. सीझन चालू असताना आपापसात खेळाडू बदलता येतात, त्याला ट्रेड म्हणतात, आणि सगळी पत्रं त्या ट्रेडपायीच आलीत.

प्रश्न: दादा, आमची 10 जणांची लीग आहे, सगळे कॉलेजपासूनचे मित्र, पीपीआर आणि कीपर, म्हणजे प्रत्येकाला 2 खेळाडू पुढच्या सीझनला ठेवता येतात. 2023 मध्ये पहिल्या आठवड्यानंतर रॅम्सचा नवीन रिसीव्हर (कॅच घेणारा) पूका नाकुआ याला मी वेव्हरवरून, म्हणजे कुणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूंतून, उचललं, सगळ्यांच्या आधी. दुसऱ्या आठवड्यात त्याने 15 कॅच घेतले, मी नुसता हवेत. सोमवारी रात्री आमच्यातल्याच एकाचा मेसेज आला, नाकुआ दे आणि ऑस्टिन एकेलर घे. म्हणाला रॅम्सचा मुख्य रिसीव्हर कूपर कप दुखापतीतून परत आला की नाकुआला कोण विचारतंय, आणि एकेलर म्हणजे एकेलर, घोटा बरा झाला की बघ. मी 5 मिनिटांत अ‍ॅक्सेप्ट दाबलं. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच असेल. मी प्लेऑफला पण गेलो नाही, तो फायनल जिंकला, आणि नाकुआला त्याने पुढे कीपर म्हणून ठेवला. ग्रुपवर कुणी ना कुणी विषय काढतंच. खरं सांगतो, आता मला त्याच्याशी बोलावंसंच वाटत नाही, 15 वर्षांची मैत्री आहे. त्याने मला फसवलं का? आणि इतकी साधी गोष्ट डोक्यातून जात का नाही?

उत्तर: अरे मित्रा, पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, कारण यातून मीही गेलोय, ते पुढे सांगतो.

आधी आकडे बघू, कारण ते तुझ्या डोळ्यासमोर रोज नाचत असणार. नाकुआने त्या सीझनला 105 कॅच आणि 1486 यार्ड केले, दोन्ही तेव्हा एनएफएलमधले रूकीचे, म्हणजे पहिल्याच सीझनच्या खेळाडूचे, रेकॉर्ड (कॅचचं 2024 मध्ये मोडलं). एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये पाचव्या राउंडमध्ये, 177 व्या नंबरला घेतलेला पोरगा! एकेलरचे पळून आणि कॅच घेऊन मिळून 1064 यार्ड, 51 कॅच. टचडाउन दोघांचेही बाजूला ठेव, नुसते कॅच आणि यार्ड धरले तरी नाकुआचे अडीचशेच्या वर पॉइंट होतात आणि एकेलरचे 157 च्या आसपास. म्हणजे नुकसान झालं, मोठं झालं, आणि तुला कुणी "जाऊ दे रे, एवढं काय" म्हणत असेल तर ते मला पटत नाही.

पण त्या सोमवारी रात्री तुझ्यासमोर काय होतं ते आठव. एकेलर 2021 आणि 2022, दोन्ही वर्षं एनएफएलमध्ये सगळ्यात जास्त टचडाउन करणारा, 20 आणि मग 18, आणि 2022 ला 107 कॅच, रनिंग बॅक (मुख्यतः बॉल घेऊन पळणारा) असून. नाकुआच्या नावावर फक्त 2 मॅच. कप अजून 2 आठवडे तरी येणार नव्हता, तो पाचव्या आठवड्यात आला, आणि तो आल्यावर नवीन पोराच्या वाट्याचे बॉल कमी होतील हे कुणालाही वाटलं असतं. तेव्हा तू वेडेपणा केलास असं मी म्हणणार नाही. चूक झाली ती दुसरीकडे. एक, तू नाव बघितलंस आणि काम बघायचं राहिलं. पहिल्या 2 मॅचमध्ये मिळून 25 कॅच, 266 यार्ड. रिसीव्हरला नशिबाने एखादा लांब टचडाउन मिळू शकतो, पण 25 कॅच नशिबाने मिळत नाहीत, त्यासाठी क्वार्टरबॅकने बॉल परत परत त्याच्याकडेच फेकावा लागतो, म्हणजे कोच आणि क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड दोघांचा त्याच्यावर विश्वास बसलेला होता आणि तो स्कोअरकार्डावर उघड दिसत होता. दुसरीकडे एकेलर 28 वर्षांचा रनिंग बॅक, घोटा दुखावलेला, त्या आठवड्यात बाहेर बसलेला. आणि दोन, 5 मिनिटं. सोमवारी रात्री कसली घाई होती? पुढचा रविवार यायला अख्खा आठवडा होता. सकाळी उठून परत बघितलं असतंस तर कदाचित तेच केलं असतंस, पण मग इतकं लागलं नसतं.

आता का जात नाही ते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये लोकांना एक गोष्ट ऐकवली होती. एका माणसाकडे एका कंपनीचे शेअर होते, दुसऱ्या कंपनीचे घ्यावेत असं मनात आलं पण घेतले नाहीत, आणि त्यामुळे 1200 डॉलरचा फायदा हुकला. दुसऱ्याकडे नेमके त्याच चांगल्या कंपनीचे होते, ते विकून त्याने पहिल्या कंपनीचे घेतले, त्याचेही 1200 च हुकले. शेवटी दोघांच्या हातात तेच शेअर, नुकसानही तेवढंच, मग जास्त हळहळ कुणाला? 100 पैकी 92 जणांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. आपल्या हाताने जे दिलं ते जास्त जिव्हारी लागतं. तू नाकुआला वेव्हरवरून उचललाच नसतास तर आज तुला त्याचं काहीही वाटलं नसतं, तुमच्या लीगमधल्या उरलेल्या 8 जणांनी पण त्याला सोडलाच होता की, त्यांच्यापैकी कुणाला झोप लागत नाही असं ऐकलंयस का?

फसवलं का, या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. माझं मत असं, की आपला माल चांगला आहे म्हणणं आणि समोरच्याच्या मालाला नाव ठेवणं हा ट्रेडचा भागच आहे, ते दोघांनाही माहीत असतं. फसवणूक तेव्हा, जेव्हा त्याला अशी गोष्ट माहीत आहे जी तुला माहीत नाही आणि तो ती दाबून ठेवतो. एकेलरचा घोटा, कपची दुखापत, सगळं सगळ्यांसमोर होतं, आणि घोट्याचं तर त्याने मेसेजमध्ये लिहिलं होतं. कपबद्दलचं म्हणणं हा त्याचा अंदाज होता, तो चुकला, आणि चुकूनही फायदा त्याचाच झाला, हे टोचतं मला मान्य आहे. पण त्याने फसवलं नाही.

तुझा राग खरा कुणावर आहे हे तुला माहीत आहे बहुतेक. तो स्वतःवरचा राग आहे आणि तो मित्राच्या खात्यात जमा होतोय. म्हणून एक कर, त्याला फोन कर, ग्रुपवर काही लिहू नकोस, ग्रुपवर लिहिलंस की बाकीचे 8 जण तोंड घालणार. सरळ सांग की तो ट्रेड मला अजून लागून राहिलाय, तुझी चूक नाहीये, पण दर रविवारी विषय निघतो तेव्हा त्रास होतो, तेवढं थांबव. मित्र असेल तर तोच बाकीच्यांना गप्प करेल. भरपाई म्हणून काही मागू नकोस, आणि त्याने दिलं तरी घेऊ नकोस. टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांचं 1995 मधलं काम आहे पश्चात्तापावर, त्यांना असं दिसलं की केलेल्या गोष्टी सुरुवातीला जास्त लागतात, पण वर्षं गेली की न केलेल्या गोष्टी जास्त सलायला लागतात. ट्रेड केलेली गोष्ट आहे. फोन अजून न केलेली आहे.

आता माझं. 2021 ला सीझन सुरू व्हायच्या आधी मी कूपर कप देऊन अ‍ॅलन रॉबिन्सन घेतला. कपने त्या वर्षी 145 कॅच, 1947 यार्ड, 16 टचडाउन केले, तिन्हींत तो एनएफएलमध्ये पहिला. रॉबिन्सनचे 38 कॅच आणि 1 टचडाउन. मला मॅच बघवेनाशा झाल्या, रॅम्सची मॅच लागली की मी चॅनल बदलायचो, म्हणजे ज्या खेळाच्या प्रेमापोटी लीग काढली तो खेळच मी बघत नव्हतो. ज्याला कप दिला होता त्यानेच सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, बघायला बोलावलं. 13 फेब्रुवारी 2022. जायचं मनात नव्हतं, गेलो. रॅम्स मागे होते, 1 मिनिट 25 सेकंद उरले होते, आणि 1 यार्डावरून स्टॅफर्डने बॉल फेकला तो कपकडेच. सुपर बोलचे आमच्या लीगमध्ये पॉइंट धरत नाहीत, सीझन तर डिसेंबर-जानेवारीतच संपलेला असतो, त्यामुळे त्या कॅचने ना त्याचं काही वाढलं ना माझं काही गेलं, आम्ही दोघं नुसते ओरडत उभे होतो आणि त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा मी कपचा कॅच नीट बघितला.

प्रश्न: दादा नमस्कार, मी खेळत नाही, नवरा खेळतो. एखादा ट्रेड फसला की तीन-तीन दिवस घरात तोंड पाडून फिरतो. एवढं काय असतं त्यात? आणि हे वेड आलं कुठून?

उत्तर: ताई, वेड जुनं आहे. 1962 मध्ये ओकलंड रेडर्स टीम दौऱ्यावर होती, तेव्हा टीमच्या मालकांपैकी एक, बिल विंकेनबाक, आणि त्यांच्यासोबतचे दोघं न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसले होते, तिथे या खेळाचे नियम ठरले. पहिला ड्राफ्ट 1963 ला झाला, 8 टीम होत्या, आणि सगळ्यात पहिलं नाव घेतलं गेलं ते जॉर्ज ब्लँडा याचं. तेव्हा कॉम्प्युटर कुठला, सोमवारचा पेपर घेऊन हाताने पॉइंट मोजायचे.

आणि एवढं काय असतं म्हणाल तर, आठवड्यातून एक मॅच, सगळा आठवडा तिची तयारी, आणि हरलं की परत सात दिवस काही करता येत नाही, म्हणून ते तोंड उतरलेलं असतं. "खेळच आहे ना" असं तेवढं म्हणू नका, त्याने माणूस आणखी गप्प होतो. कुणाला दिलंस आणि का दिलंस एवढं विचारा आणि दहा मिनिटं ऐकून घ्या. समजलं नाही तरी चालेल. पण तीन दिवसांचे सात झाले, किंवा मुलांवर चिडचिड व्हायला लागली, तर मात्र स्पष्ट बोला, तिथे खेळ संपतो.

प्रश्न: मी आमच्या 12 जणांच्या लीगचा कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, आहे. ट्रेडवर मतदान ठेवलंय, 4 जणांनी विरोध केला की ट्रेड रद्द. आता असं झालंय की कुठलाही ट्रेड पास होत नाही, आणि मागच्या वर्षी एक रद्द झाला त्यावरून दोघं लीग सोडून गेले. व्हेटो काढून टाकू का? मग कुणी अगदीच वाईट ट्रेड केला तर?

उत्तर: काढून टाका. ज्या दिवशी मतदान ठेवलं त्या दिवशीच 10 जणांच्या हातात दोघांचा सौदा मोडायची किल्ली दिलीत, आणि त्या 10 जणांना तर ट्रेड मोडण्यातच फायदा असतो, कारण समोरची टीम मजबूत व्हायला कुणाला हवीय? ते ट्रेड योग्य आहे का हे बघतच नाहीत, मला त्रास होईल का एवढंच बघतात. यात त्यांचा दोष कमी आणि नियमाचा जास्त.

वाईट ट्रेड करायचा हक्क प्रत्येकाला आहे, हे मी मनापासून म्हणतोय. खऱ्या एनएफएलचंच बघा. 12 ऑक्टोबर 1989 ला मिनेसोटा वायकिंग्सने डॅलस काउबॉइजकडून हर्शेल वॉकर घेतला, एका रनिंग बॅकसाठी 5 खेळाडू आणि वर ड्राफ्टच्या पिकांची (पीक म्हणजे ड्राफ्टमध्ये नवीन खेळाडू निवडायची पाळी) रास, त्यात पहिल्या राउंडचे 3 आणि दुसऱ्या राउंडचे 3. वायकिंग्सना वाटत होतं की बाकी सगळं जमलंय, एवढा एक माणूस आला की सुपर बोल आपलाच. वॉकरने तिथे एकाही सीझनला 1000 यार्ड पळून काढले नाहीत आणि 1992 ला त्यांनी त्याला सोडून दिलं. काउबॉइज त्या 1989 च्या सीझनला 16 पैकी 1 मॅच जिंकले होते. तिथून मिळालेल्या पिकांवर त्यांनी टीम उभी केली, त्यातलंच एक पीक पुढे देऊन 17 व्या नंबरवर येऊन एमिट स्मिथ घेतला, आणि 1992, 1993, 1995 अशा 3 सीझनचे सुपर बोल जिंकले. तो ट्रेड कुणी रद्द केला नाही. मोठमोठ्या लोकांनी, पगार घेऊन, पूर्ण शुद्धीत केलेला होता.

तुम्ही अडवायचं ते फक्त संगनमत, म्हणजे दोघांनी मिळून एकाची टीम दुसऱ्याच्या घशात घालणं, किंवा प्लेऑफमधून बाहेर गेलेल्याने जाता जाता जिगरी दोस्ताला आपला सगळ्यात चांगला खेळाडू फुकटात देणं. ओळखायचं कसं? दोघांना वेगवेगळं विचारा की हा ट्रेड तुझ्या टीमला कसा उपयोगी पडतो. ज्याच्याकडे उत्तर आहे, मग ते तुम्हाला कितीही चुकीचं वाटो, त्याचा ट्रेड पास करा. ज्याच्याकडे उत्तरच नाही तिथे थांबा. ट्रेडची शेवटची तारीख अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या आसपास ठेवा, बऱ्याच लीगमध्ये तशीच असते, आणि ती सीझनच्या आधी लिहून सगळ्यांना पाठवा.

अजून एक करता येईल, पहिल्या पत्रातल्या मित्रासाठी मला ते राहून राहून वाटलं. दोघांनी हो म्हटल्यावर 24 तास ट्रेड लांबवा, आणि तेवढ्या वेळात दोघांपैकी कुणीही कारण न देता मागे फिरू शकतो असा नियम करा. बाकीच्यांना त्यात बोलायचा अधिकार नाही, फक्त त्या दोघांना. काही ट्रेड मोडतील, मोडू देत. आणि ते दोघं जे सोडून गेले त्यांना नियम बदलल्याचं स्वतः कळवा, येतील न येतील ते त्यांचं, पण त्यांना तुमच्याकडून कळलं पाहिजे.

प्रश्न: दादा, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. 2024 च्या सीझनला माझी एक मैत्रीण आमच्या लीगमध्ये नवीन आली, माझ्याच सांगण्यावरून. तिच्याकडे ईगल्सचा रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कली होता. पाचव्या आठवड्यात ईगल्सचा बाय होता, म्हणजे टीमला सुट्टी, पण तिला बाय हा प्रकारच माहीत नव्हता, तिला वाटलं त्याला काहीतरी लागलंय. मला म्हणाली, "अगं हा खेळतच नाहीये." मी बाय असल्याचं सांगितलं नाही. तिला तीन खेळाडू दिले आणि बार्कली घेतला. ती खूश होती, एकाचे तीन झाले म्हणून. मी ती लीग जिंकले. तिने पुढच्या वर्षी नाव दिलं नाही, म्हणाली मला जमत नाही हा खेळ. मला तेच वाक्य सारखं आठवतं.

उत्तर: पहिल्या पत्राच्या उत्तरात मी जी रेघ मारली, तुमची गोष्ट तिच्या पलीकडची आहे. अंदाज चुकीचा सांगणं वेगळं. तुम्हाला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं, तिने जवळजवळ विचारलंच होतं, आणि तुम्ही गप्प बसलात. ताई, हे चुकलं. बार्कलीने त्या सीझनला 2005 यार्ड पळून काढले, 2000 च्या पुढे गेलेले एनएफएलच्या इतिहासात 9 जण आहेत, त्यातला तो एक, आणि तो तिच्या टीममध्ये होता.

एकाचे तीन हा हिशेबही तिला समजावून सांगा, कारण नवीन माणूस तिथेच फसतो. तीन खेळाडूंचे मिळून पॉइंट जास्त दिसतात, पण लाइनअपमध्ये जागा ठरलेल्या असतात, तिघांपैकी एखादाच खेळवता येतो, बाकीचे बेंचवर, आणि बेंचवरचे पॉइंट कुठेच धरले जात नाहीत, शिवाय तीन घ्यायचे म्हणजे आपल्याकडचे दोन सोडावे लागतात. म्हणून एकाच्या बदल्यात तीन मिळत असतील तर बहुतेक वेळा फायदा एक घेणाऱ्याचा.

ती "मला जमत नाही" म्हणून गेली, हे मला जास्त लागलं. तिला जमत होतं हो, बार्कली तिने स्वतः ड्राफ्टमध्ये घेतला होता! तिला हे माहीतच नाही. तेव्हा तिला प्रत्यक्ष भेटून सांगा, मेसेज करू नका, आणि सांगताना "तेव्हा मी पण गडबडीत होते" वगैरे जोडू नका. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही, तू हरली नव्हतीस, मी तुझा खेळाडू काढून घेतला. एवढंच म्हणा आणि गप्प बसा. ती चिडेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही, तो तिचा हक्क आहे. लीगमधल्या बाकीच्यांना सांगायचं की नाही हे तिला ठरवू द्या, आणि तिने सांग म्हटलं तर तुम्ही स्वतः सांगा. जिंकल्याचं जे काही असेल, ट्रॉफी असो वा नुसतं ग्रुपवरचं नाव, ते तिने न मागता सोडा.

आणि ती परत खेळायला तयार झाली तर ड्राफ्टमधला तुमचा पहिला नंबर वगैरे देऊ नका, ते तिला उपकारासारखं वाटेल. ड्राफ्टच्या दिवशी तिच्या शेजारी बसा, आणि सगळ्या 32 टीमच्या बाय वीकचा कागद छापून दोघींच्या मध्ये ठेवा.